माझं ड एकशे बारा

टेबलं दोन. प्लॅस्टिकच्या खुर्च्या सहा, त्यातल्या एकीचा हात तुटलेला. पिवळ्या टोपणाच्या ट्यूब नव्वद, सुया शंभर, स्पिरिटच्या बोळ्यांचा डबा एक, दंडाला बांधायचे पट्टे दोन, वजनकाटा एक. यादीतली माणसं सत्त्याऐंशी. खिडक्या अकरा, आणि अकराही खिडक्यांना आतून पांढरा कागद चिकटवलेला. दुपारी जेवताना ऊन डोळ्यांवर येतं म्हणून.

हे चाकणमधल्या एका कंपनीचं कँटीन होतं. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. कामगारांच्या आरोग्य तपासणीसाठी आमच्या चिखलीच्या लॅबमधून मी आणि रुक्साना अशा दोघी रक्त घ्यायला गेलो होतो. मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेली, पण सुई टोचण्यात रुक्सानाचा हात माझ्याहून हलका, त्यामुळे रांग नेहमी तिच्याकडेच लांब असायची. दुपारी दीडपर्यंत सत्त्याऐंशी माणसं संपली. ट्यूब तीन उरल्या.

तेवढ्यात यादीत नसलेला एक माणूस आत आला आणि सरळ वजनकाट्यावर चढला. उतरला. पुन्हा चढला. तिसऱ्यांदा चढला तेव्हा मी म्हटलं, "चौथ्यांदा काही वेगळं येणार नाही."

"तेच बघतोय," तो म्हणाला. "तिन्ही वेळा सारखंच चुकतोय. बाराशे ग्रॅम जास्त."

"सगळ्यांनाच आपलं वजन जास्त वाटतं."

त्यावर तो बाहेर गेला आणि पाच किलोचं एक चकचकीत पोलादी वजन घेऊन आला. ते त्याने काट्यावर अलगद ठेवलं — झोपलेलं मूल ठेवावं तसं. काट्याने सहा किलो दोनशे दाखवलं.

"सकाळपासून तुम्ही सत्त्याऐंशी जणांना जाड केलंत, मॅडम."

रुक्साना फिसकन हसली. मला राग यायला हवा होता. आला नाही. सत्त्याऐंशी फॉर्मवर आकडे दुरुस्त करायचे होते, आणि तो तुटक्या हाताची खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला, अर्धे फॉर्म स्वतःकडे घेतले आणि एकेक आकडा खोडून शेजारी नवा लिहू लागला. प्रत्येक खोडलेल्या आकड्यापुढे सही. त्याचं नाव शेखर होतं हे मला त्या त्रेचाळीस सह्यांवरूनच कळलं.

तो कंपनीच्या स्टँडर्ड रूममध्ये कामाला होता. तिथे यंत्रांचे सुटे भाग मोजतात, केसाच्या दहाव्या भागाइतका फरक पकडतात. खोलीचं तापमान बारा महिने वीस अंश. खिडकी एकही नाही, कारण ऊन आलं की लोखंड वाढतं. सकाळी आठला आत जायचं, संध्याकाळी साडेपाचला बाहेर. त्याने हे सांगितलं तेव्हा मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. कँटीनचं दार उघडलं की तो डोळे बारीक करत होता.

"हात पुढे करा," मी म्हटलं.

"माझं नाव यादीत नाही."

"तीन ट्यूब उरल्यात."

त्याने बाही वर केली आणि सुईकडे बघितलं. "जाडी किती हिची?"

"बावीस नंबर."

"मिलिमीटरमध्ये?"

"शून्य पूर्णांक सात."

"मग हरकत नाही," तो म्हणाला, आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

त्याचं ड जीवनसत्त्व आलं सहा पूर्णांक आठ. तीसच्या वर असलं तर पुरेसं धरतात. रिपोर्ट कंपनीत पाठवला की आमचं काम संपतं, पण पुढच्या रविवारी तो स्वतः लॅबमध्ये हजर. हातात रिपोर्ट, कपाळावर हेल्मेटचा वळ. पिंपळे गुरवहून चिखलीपर्यंत आला होता. मला वाटलं विचारेल — याने काय होतं, हाडं मोडतात का, खायचं काय. सगळे तेच विचारतात.

"या आकड्यात चूक किती धरायची?" त्याने विचारलं.

तीन वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. मी आमच्या मशीनची चूक साधारण दहा टक्क्यांची आहे असं सांगितलं. सांगताना माझे कान गरम झाले, त्याचं कारण मला तेव्हा शोधावंसं वाटलं नाही.

"म्हणजे सहा ते साडेसात. म्हणजे कसंही मोजलं तरी कमीच."

"कसंही मोजलं तरी."

मी त्याला डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी आठवड्याला एक अशी ड च्या पावडरीची आठ पाकिटं लिहून दिली आणि अकरा ते दोनमध्ये वीस मिनिटं ऊन घ्यायला सांगितलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. अडचण अशी होती की जेवणाच्या सुट्टीत तो कंपनीच्या पार्किंगशेजारी उन्हात उभा राहिला की येणारा-जाणारा थांबून विचारायचा, काय भावा, काय झालं, घरी सगळं बरं आहे ना.

"माणूस नुसता उन्हात उभा राहिला की लोकांना काळजी वाटते," तो म्हणाला. "फोनवर बोलत उभा राहिला की कोणी ढुंकूनही बघत नाही. म्हणून... वीस मिनिटं फोनवर बोलायला कोणीतरी लागतंय."

"घरी आई आहे ना तुमच्या."

"आई दीड मिनिटात जेवलास का विचारते आणि ठेवून देते. मोजलंय मी."

मग मी रोज साडेबाराला लॅबच्या गच्चीवर जाऊ लागले. दोन पाण्याच्या टाक्या, त्यांच्यामधे चार फूट मोकळी जागा. खाली वर्कशॉपांची रांग, लोखंड कापायचा किर्र आवाज, शेजारून येणारा गरम रंगाचा वास. डिसेंबरचं ऊन कोपरापर्यंत उघड्या हातांवर उतरायचं, आणि चाकणमध्ये त्याच वेळी तेच ऊन त्याच्या हातांवर. चंद्राबिंद्राची कौतुकं ऐकून मी मोठी झाले, पण माझ्या आयुष्यात जे काही उगवलं ते भर दुपारी, डोक्यावर ओढणी आणि कानाला गरम झालेला मोबाइल धरून. मॅडमचं इंद्रायणी झालं. तुम्हीचं तू कधी झालं ते मात्र मोजायचं राहून गेलं.

एकोणिसाव्या दिवशी तो म्हणाला, दर हिवाळ्यात त्याला जरा उदास वाटायचं, कामावरून आलं की कोणाशी बोलावंसं वाटायचं नाही. यंदा तसं नाही. ड चा परिणाम असणार.

"किंवा रोज कोणाशी तरी वीस मिनिटं बोलतोस त्याचा," मी म्हटलं.

पलीकडे एक ट्रक मागे घेतल्याचा आवाज.

"दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही," तो म्हणाला. "एक बंद करून बघायला लागेल."

"मग कर."

"ड बंद करतो."

मी हसले, टाकीला टेकले, आणि मग हसणं थांबलं. कारण आता सांगायलाच हवं होतं. या माणसाने गमतीत ड आणि उदासपणाची जी सांगड घातली होती, ती माझ्या घरात दोन वर्षं गंभीरपणे घातली जात होती.

मी त्याला सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मी पाच आठवडे कामावर गेले नव्हते. त्यातले अकरा दिवस केस विंचरले नव्हते. कंगवा समोर असायचा, हात उचलायचा नाही. कशाचं दुःख होतं असं नाही, सगळ्याची चवच गेली होती. मानसोपचार डॉक्टरांनी नैराश्य म्हणून निदान केलं आणि गोळी सुरू झाली, ती अजून चालू आहे. त्याच वेळी केलेल्या रक्ततपासणीत ड निघालं नऊ. आणि आमच्या घराने तो नऊ झेलून धरला. नैराश्य कोणाला सांगता येत नाही, ड सांगता येतं. चऱ्होलीत आमच्या भावकीत आजही सगळे म्हणतात, इंद्रायणीला ड कमी पडलं होतं.

तो लगेच "त्यात काय एवढं" म्हणाला असता तर मी फोन ठेवला असता. तो म्हणाला, "आणि खरंच ड मुळे नसेल कशावरून?"

मी त्याला माहीत होतं तेवढं सांगितलं. नैराश्य असलेल्या पुष्कळ लोकांत ड कमी सापडतं, हे खरं. पण जो माणूस अंथरुणातून उठत नाही तो उन्हातही जात नाही, मग ड कमी होणारच. आधी काय आणि नंतर काय, ते नुसत्या आकड्यांवरून कळत नाही. ड देऊन बघितलं तर काही अभ्यासांत थोडा फरक दिसला, काही मोठ्या अभ्यासांत दिसला नाही. गोळीच्या जागी ड असं कोणत्याही शहाण्या डॉक्टरने मला सांगितलेलं नाही.

"म्हणजे दोन काटे एकत्र हलताहेत," तो सावकाश म्हणाला. "कोण कोणाला हलवतंय ते माहीत नाही. कदाचित तिसरंच कोणीतरी दोघांना हलवत असेल."

"हो."

"बरं. केस आत्ता विंचरलेत का?"

"हो."

"मग उद्या साडेबाराला."

जानेवारीत त्याच्या घरून रीतसर स्थळ आलं. बाबा मी दहावीत असताना गेले, तेव्हापासून आमच्याकडे निर्णय चुलत्यांचा. त्यांचं नाव मारुतराव, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. जमीन गेली, तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या, तरी तात्यांचं बोलणं अजून शेताच्या बांधावरचंच. त्यांनी आधी आडनाव विचारलं, मग मूळ गाव, मग पोरगा कंपनीत परमनंट आहे की ठेक्यावर. परमनंट म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. सुपारी फोडायची तारीख ठरली, फेब्रुवारीचा शेवटचा रविवार.

मग त्यांनी मला आणि आईला समोर बसवून सांगितलं की तिकडच्यांना आजाराचं काही कळता कामा नये. विचारलंच तर ड. आणि त्या गोळ्या लग्नाआधी सुटल्या पाहिजेत. मी म्हटलं, शेखरला सगळं माहीत आहे. तात्या म्हणाले, पोराला माहीत असून चालतं, त्याच्या आईला नाही. शेखरने आईला मीच सांगू का असं दोनदा विचारलं होतं. मी नको म्हटलं होतं. माझं होतं, मीच सांगणार होते. कसं, ते मात्र ठरत नव्हतं.

सुपारीच्या आधीच्या गुरुवारी लॅबमध्ये ड तपासायच्या किटची नवी पेटी आली. नवी पेटी आली की आधी ओळखीच्या रक्तावर चालवून बघायची आमची पद्धत. ओळखीचं रक्त म्हणजे बहुतेक वेळा माझंच. ऑगस्टमध्ये माझं बावीस होतं, म्हणजे फार तर वीस-पंचवीस यायला हवं.

आलं एकशे बारा.

मी पुन्हा चालवलं. एकशे नऊ. मशीनसोबत येणारे तपासणीचे नमुने चालवले, ते अगदी बरोबर. रुक्सानाचं रक्त घेऊन चालवलं, तिचं सतरा. साडेबाराला गच्चीवर जाऊन शेखरला सांगितलं.

"आधी यंत्रावर संशय घ्यायचा," तो म्हणाला.

"घेतला."

"मग नमुन्यावर."

"दुसऱ्यांदा रक्त काढलं. एकशे अकरा."

"मग... आकडा खरा मानायचा," तो म्हणाला, "आणि घरात बघायचं."

घरी आई गुरुवारच्या उपासाची खिचडी परतत होती. माझं दूध ओट्यावर झाकून ठेवलेलं. सोमवार, गुरुवार, शनिवार आईचे उपास, आणि दोन-अडीच महिन्यांपासून त्या तीन दिवशी ती मला वेलदोडा घातलेलं दूध द्यायची. मला वाटायचं लाड आहेत. मी साबुदाण्याच्या डब्यामागे हात घातला. आमच्या घरात लपवायच्या गोष्टी तिथेच असतात. रबर लावलेला एक गठ्ठा निघाला. ड ची रिकामी पाकिटं, साठ हजार युनिटची. मोजली. एकतीस.

पाकिटावर लिहिलेलं होतं, आठवड्यातून एकदा.

आईने गॅस बारीक केला. तिने नाकारलं नाही. शेखरचं नाव घरात पहिल्यांदा निघालं तेव्हाच, डिसेंबरात, तात्यांनी तिला सांगितलं होतं की ड पुरतं भरलं की मनाच्या गोळ्या आपोआप सुटतील. मग तिने औषधाच्या दुकानातून पाकिटं आणली.

"आठवड्याला एक म्हंजी ज्याला जरासं कमी हाय त्याला," ती म्हणाली. "तुझं तर लईच कमी. म्हनून म्या उपासाच्या वारी दिली. देवाच्या दिवशी दिल्यालं अंगाला लागतं."

"आई, हे जास्त झालं तर विष आहे. उलट्या होतात, मूत्रपिंडं बिघडतात."

तिच्या हातातला उलथणा कढईच्या काठावर राहिला. "मला काय ठाव," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "तू ती गोळी घेतीस ना सकाळी, तवा वाटतं, माज्याच हातून कायतरी कमी पडलं."

मी रागावायचं ठरवून आले होते. ते जमलं नाही. आम्ही दोघींनी ते दूध मोरीत ओतलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कॅल्शियम तपासलं, काठावर होतं. ड ताबडतोब बंद, पाणी भरपूर, महिन्याने पुन्हा तपासणी. मनाच्या गोळीला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही.

त्या रात्री मला एक गोष्ट लख्ख कळली. एकशे बारा ड घेऊनही मागच्याच आठवड्यात दोन सकाळी मला दात घासायला चाळीस मिनिटं लागली होती. एका माणसावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. पण तात्यांचं म्हणणं खोडायला तो एक माणूस पुरेसा होता. आणि तो मी होते.

रविवारी बैठकीला एकवीस माणसं. पुरुष हॉलमध्ये सतरंजीवर, बायका आतल्या खोलीच्या दारापाशी. मधोमध पाट, पाटावर तांब्या, पानं, सुपारी. शेखरची आई कौशल्याबाई नवऱ्यामागे दोन मुलं वाढवलेली बाई, त्यामुळे ती दाराआड न बसता सरळ पुरुषांत बसली होती. तात्यांनी आमच्या घराची ओळख करून दिली, शिक्षण सांगितलं, नोकरी सांगितली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरीत खोट न्हाई. मधी जरा आजारी व्हती, ते ड का काय म्हंत्यात ते कमी पडलं व्हतं. आता एकदम ओके हाय."

मी चहाचा ट्रे ठेवला. कप वाटले. शेखरच्या हातात कप देताना त्याने माझ्याकडे बघितलं आणि पापण्या किंचित मिटून उघडल्या. पुढे हो, असं. मी ट्रेखालचा रिपोर्ट काढला.

"ड चं नाव निघालंच आहे म्हणून सांगते," मी म्हटलं. "माझं ड एकशे बारा आहे. तीस पुरतं. या खोलीत एवढं कोणाचंही नसेल. आणि तरी मी आज सकाळी गोळी घेतली. नैराश्याची. उद्याही घेणार आहे."

"इंदे," तात्या म्हणाले, "आत जा."

"जाते. पूर्ण सांगून जाते."

मग मी ते पाच आठवडे सांगितले, कंगवा सांगितला, डॉक्टरांचं नाव सांगितलं. वाक्य एकही अर्धं सोडलं नाही.

कौशल्याबाईने विचारलं, "किती दिवस घ्यावी लागती?"

"माहीत नाही. डॉक्टर म्हणतील तोवर. कदाचित पुढेही लागेल."

"पुन्ना होतंय का असं?"

"होऊ शकतं."

आतल्या दारातून आईचा आवाज आला. एकवीस माणसांत ती कधी बोललेली मी ऐकली नव्हती. "ती खोटं बोलत न्हाई. तिचं ड म्याच चढवलं, दुधातनं. गोळी सुटावी म्हनून. न्हाई सुटली. चूक माजी हाय, पोरीची न्हाई."

कौशल्याबाईने पदर सावरला आणि ती उठली. विचार करून कळवतो, एवढंच म्हणाली. तिच्यामागे तिचा भाऊ उठला, मग बाकीचे. चपला सापडेपर्यंतचा गोंधळ झाला. खाली गाडीची दारं लागल्याचे आवाज आले. सुपारी पाटावर तशीच.

शेखर उठला नाही.

"पाव्हणं, तुमची मान्सं खाली गेली," तात्या म्हणाले.

"हो तात्या. माझा चहा राहिलाय."

तात्यांनी कपाळाला हात लावला आणि ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. आमची माणसं एकेक करून आत सरकली. सतरंजीवर तो, समोर मी, मधे पाट. तो चहा इतका हळू पीत होता की कपातली पातळी खाली जाताना दिसत नव्हती.

"आई उठेल, हे तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"अंदाज होता."

"आणि तरी बोललीस."

"तुमच्या घरात येऊन मी गोळी बाथरूममध्ये घेणार नाही, शेखर. मला ती जेवायच्या टेबलावर ठेवायचीय. मिठाच्या शेजारी."

"टेबल नाही आमच्याकडे. मीठ फळीवर असतं."

"मग फळीवर."

"फळी लहान आहे," तो म्हणाला. "मोठी करून घेतो." कप खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. "इंद्रायणी... मला मोजायची सवय आहे, हे असलं बोलायची नाही. पण मला तू हवी आहेस. तुझ्या वाईट सकाळींसकट. आईला वेळ लागेल. मला लागला नाही."

मला खूप काही बोलायचं होतं. मी म्हटलं, "चहा गार झाला असेल."

"कधीचाच."

"अजून आणू?"

"आण. जायची घाई नाही मला."

मी दुसरा कप घेऊन आले तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. कौशल्याबाई एकटीच वर आली होती. दम लागला होता. तात्या बाल्कनीतून धावत आले, पण तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती आतल्या दारापाशी गेली, जिथे माझी आई उभी होती.

"दुधातनं देत व्हतात?"

"व्हय," आई म्हणाली.

"म्या ह्याला परीक्षेच्या वेळी चहातनं अंगारा देत व्हते. बारावीपस्तोर."

"काय?" शेखर म्हणाला.

"तू गप ऱ्हा." ती सतरंजीवर बसली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चार घरं बघितली ह्याच्यासाठी. चारी ठिकानी समदं ओकेच. गाडीत बसल्यावर मनात आलं, काय काय असतंय ते फकस्त आमच्याच घरी असतंय का काय. ह्याचा बाप गेल्यावर म्या सा महिने झोपले न्हाई. कुनाला सांगितलं न्हाई, कुनी गोळी दिली न्हाई. तू सांगितलंस. आता मला बी सांगत जायचं, वाईट सकाळ असली की. लपवायचं न्हाई. एवढं कबूल हाय का?"

"आहे," मी म्हटलं.

"मग बोलवा खालच्यांना."

तात्यांनी सुपारी फोडली. त्यांचा चेहरा अजून सरळ झाला नव्हता, पण फोडली. कौशल्याबाईने साडीच्या पदराचा एक दोरा ओढून तोडला आणि माझं करंगळीशेजारचं बोट धरून त्याभोवती गुंडाळला. अंगठीचं माप असंच घेतात, गाठ मारून सोनाराकडे द्यायचं. शेखर दोऱ्याकडे बघत होता. मग त्याने घरात लोखंडी पट्टी आहे का असं विचारलं. सगळे हसले. मी माझ्या कंपासपेटीतली पट्टी आणून दिली.

त्याने दोरा ताणून पट्टीवर ठेवला. उचलला, पुन्हा माझ्या बोटाला गुंडाळला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा गुंडाळला.

एक्कावन्न मिलिमीटर.